मादाम क्युरींचा ताप

आम्ही सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढणारे. आमच्या छातीवरचा बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो; अंगावर किती किरणे पडली ते त्यावरून कळते. तो लावताना मादाम क्युरी हटकून आठवतात. रेडियम शोधताना त्यांच्यापाशी असले काही नव्हते.

मारिया स्क्लोदोव्स्का यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. थोरल्या बहिणीला शिकवण्यासाठी त्यांनी परक्या घरी राहून शिकवण्या केल्या आणि १८९१ मध्ये स्वतः पॅरिस गाठले. १८९५ मध्ये पिएर क्युरींशी विवाह झाला. १८९८ साली दोघांनी पोलोनियम व रेडियम शोधले. पुढे गळक्या शेडमध्ये खनिजाचे ढीग लोखंडी कांबीने ढवळत उकळले, तेव्हा १९०२ मध्ये कुठे ग्रॅमचा दहावा भाग रेडियमक्षार हाती आला. रात्री तो अंधारात चमके आणि नवराबायको मुद्दाम पाहायला जात! १९०३ आणि १९११ ची नोबेल पारितोषिके सर्वांना ठाऊकच आहेत.

पहिल्या महायुद्धात त्यांनी एक्स-रे यंत्र बसवलेल्या मोटारी आघाडीवर नेल्या. सोबत लेक इरेन, जेमतेम सतरा-अठरा वर्षांची. सैनिकाच्या अंगातली गोळी शोधताना किरणांपासून आडोसा फारसा नसेच.

हाडांच्या आतल्या मज्जेत रक्तपेशी सतत तयार होतात, आणि अशा झपाट्याने वाढणाऱ्या पेशींनाच किरणे आधी मारतात. पांढऱ्या पेशी घटल्या की जंतूंना अडवणारे पहारेकरीच उरत नाहीत. साधे दुखणेही भारी पडते. क्युरींच्या संस्थेत सर्वांना रक्ततपासणी सक्तीची होती. बाई स्वतः मात्र ती टाळत. आमच्याकडेही असे वरिष्ठ पाहिलेत!

१९३४ मध्ये त्यांचा ताप हटेना. डॉक्टरांना क्षयाचा संशय आला, म्हणून आल्प्समधल्या आरोग्यधामात हलवले. तिथे रक्त तपासले, तर लाल व पांढऱ्या दोन्ही पेशी भराभर घटत होत्या. मज्जाच निकामी झाली होती. ४ जुलै रोजी त्या गेल्या. इरेनही १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली.

१९९५ साली मादामच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेताना शवपेटीतला किरणोत्सर्ग मोजला गेला. तो अगदी कमी निघाला. तेव्हा तज्ज्ञांचा संशय रेडियमपेक्षा युद्धातल्या एक्स-रेवर, म्हणजे आमच्याच यंत्राच्या पूर्वजावर गेला.