मागच्या चाकांकडे बघणारा इंजिनिअर

हॉस्टेलवर एक वाद कधीच संपत नाही. जुनी गाडी भारी की नवी? एक पार्टी म्हणते, जुन्या गाड्यांमध्ये जो दम होता तो आता राहिला नाही. दुसरी म्हणते, टेक्नॉलॉजी पुढेच जाते, त्यामुळे नवीन ते नवीन! दोन्ही पार्ट्या हॉर्सपॉवर आणि टॉप स्पीडवर रात्रभर भांडतात, पण वाकून मागच्या चाकांकडे कुणी बघत नाही. म्हणून मराठी विभागासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मी मर्सिडीजचे रुडॉल्फ उलेनहाउट निवडले. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मध्येमध्ये इंग्लिश शब्द येतील, सांभाळून घ्या!

उलेनहाउट यांचा जन्म १९०६ साली लंडनमध्ये झाला. वडील जर्मन बँकर आणि आई इंग्लिश. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं आणि कुटुंबाला इंग्लंड सोडावं लागलं. पुढे म्युनिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून १९३१ मध्ये ते डाइमलर-बेंझ कंपनीत टेस्टिंगच्या कामाला लागले. कार्ब्युरेटर, साध्या गाड्यांच्या टेस्ट असं रोजचं काम. रेसिंगशी काही संबंध नव्हता.

१९३६ साली मर्सिडीजची रेसिंग टीम सपाटून हरत होती. ऑटो युनियनचा बर्न्ट रोझमायर त्या वर्षी युरोपियन चॅम्पियन झाला. तेव्हा कंपनीने तिशीतल्या उलेनहाउटना रेसिंग विभागाची टेक्निकल जबाबदारी दिली. त्यांनी काय केलं असेल? ते रेस कार घेऊन थेट नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर गेले आणि स्वतः चालवायला बसले! याआधी ते एकही रेस धावलेले नव्हते. पण दुसऱ्याचा रिपोर्ट वाचण्यापेक्षा गाडी काय करते ते आपण अनुभवावं, असा त्यांचा हिशोब होता.

त्यांच्या लक्षात आलं, की स्प्रिंग इतक्या कडक आहेत की त्या दबतच नाहीत, उलट चासीच वाकतेय. म्हणजे जे काम सस्पेन्शनने करायचं ते चासी करत होती. आणि मागे होता स्विंग अॅक्सल.

इथे थोडी थिअरी, कंटाळू नका! स्विंग अॅक्सलमध्ये डिफरन्शियल चासीला पक्कं असतं आणि दोन्ही बाजूंचे अर्धे अॅक्सल त्याच्यापाशी बिजागरीसारखे वरखाली होतात. दोन्ही चाकं स्वतंत्र, त्यामुळे १९३० च्या दशकात ते एकदम मॉडर्न समजलं जायचं. पण चाक वरखाली झालं की ते तिरकंही होतं. जोरात वळताना ड्रायव्हरने घाबरून अॅक्सिलरेटर सोडला, की गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, बाहेरचं चाक आत दुमडतं, टायर जेमतेम कडेवर टेकतो आणि गाडी मागून सुटते.

१९३७ च्या डब्ल्यू १२५ मध्ये उलेनहाउटच्या टीमने चासी ताठ केली, स्प्रिंग मऊ केल्या आणि मागे द दियों अॅक्सल बसवला. यात दोन्ही चाकं एका हलक्या नळीने जोडलेली असतात, त्यामुळे ती सरळ उभी राहतात. डिफरन्शियलचं वजन मात्र चासीवर असतं, चाकांवर नाही. गंमत म्हणजे ही आयडिया एकोणिसाव्या शतकातली! म्हणजे मॉडर्न डिझाइन काढून त्यांनी जुनं लावलं. सुमारे ५९० हॉर्सपॉवरची ही गाडी घेऊन रुडॉल्फ काराच्चिओला १९३७ चा युरोपियन चॅम्पियन झाला. १९३८ मध्ये ऑटो युनियननेही स्विंग अॅक्सल सोडून द दियोंच घेतला.

मग युद्धानंतर उलटं का झालं? १९५२ ची रेसिंग ३०० एसएल कमी पैशात बनवायची होती, म्हणून इंजिन आणि अॅक्सल ३०० सलूनचे घेतले, म्हणजे पुन्हा स्विंग अॅक्सल. नळ्यांची हलकी फ्रेम बाजूंना उंच होती, म्हणून दरवाजे वर उघडणारे. त्या गाडीने ले मान्स जिंकली. तिच्यावरूनच १९५४ ची गलविंग आली, तीच जी आपल्यातल्या कित्येकांचा वॉलपेपर असते. दिसायला स्वप्न, पण वळणावर अॅक्सिलरेटर सोडला तर तीच जुनी खोड.

त्याच १९५४ साली त्यांच्या ग्रांप्री कारला मात्र सुधारलेला स्विंग अॅक्सल होता. पिव्हट डिफरन्शियलच्या खाली आणि दोन्ही बाजूंना मिळून एकच. त्यामुळे अर्धा अॅक्सल लांब झाला आणि चाकाचा तिरकेपणा कमी झाला. या गाडीवर फान्जिओ १९५४ आणि १९५५ असा दोनदा वर्ल्ड चॅम्पियन झाला. अशीच खाली पिव्हट असलेली रचना १९५७ च्या ३०० एसएल रोडस्टरला मिळाली.

आता सांगा, तुम्ही कुठली घ्याल? माझं उत्तर ठरलंय. फोटोसाठी गलविंग, घाट चढायला रोडस्टर! नाव तेच, तीन लिटरचं इंजिन तेच, पण तीन वर्षांच्या फरकात मागची चाकं बदलली.

१९५५ मध्ये ले मान्सच्या अपघातात ८० हून जास्त लोक गेले आणि वर्षाअखेर मर्सिडीजने रेसिंग थांबवलं. रेससाठी तयार झालेल्या दोन बंद ३०० एसएलआर गाड्या रिकाम्या राहिल्या. त्यातली एक उलेनहाउट रस्त्यावर चालवायचे, कंपनीची गाडी म्हणून! २०२२ मध्ये या दोनपैकी एक १३ कोटी ५० लाख युरोला विकली गेली.

पुढे ते पॅसेंजर कारच्या डेव्हलपमेंटचे प्रमुख झाले. १९६८ च्या नव्या सलूनमध्ये स्विंग अॅक्सलला सुट्टी मिळाली. १९७२ ला ते रिटायर झाले आणि १९८९ मध्ये वारले. मधल्या काळात, १९८२ साली, मर्सिडीजने प्रत्येक मागच्या चाकाला पाच लिंक देणारं सस्पेन्शन आणलं. तेच सस्पेन्शन असलेली डब्ल्यू १२४ १९९५ पासून आपल्या पिंपरीत, तेव्हाच्या टेल्कोच्या आवारात, जोडली जाऊ लागली. एखाद्या जुन्या गॅरेजमध्ये ती उभी दिसली तर मालकाला विचारून खाली वाकून नक्की बघा.

मला उलेनहाउटकडून घ्यायची गोष्ट एवढीच वाटते. त्यांनी एकदा नवं टाकून जुनं घेतलं, एकदा जुन्यालाच सुधारलं आणि शेवटी ते सोडूनही दिलं. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता, वळणावर टायर रस्त्यावर नीट टेकतोय का? ड्रायव्हर घाबरून चुकणारच, हे धरूनच डिझाइन करायला हवं, कारण ती चूक कुणाच्या जिवावर बेतू शकते. आपण उद्या जे काही बनवू, ते आधी स्वतः वापरून बघू या, एवढंच!