गोरोबाकाकांची थापटी

तेरणेच्या काठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इथे परंपरेनुसार १२६७ मध्ये गोरा कुंभारांचा जन्म झाला. ज्ञानदेव-नामदेवांच्या संतमेळ्यात ते वयाने वडील, म्हणून साऱ्यांचे गोरोबाकाका. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना पोटचे मूल पायाखाली आल्याचेही त्यांना भान राहिले नाही, अशी कथा आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटीने संतांची डोकी पारखली. इतर शांत राहिले; नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. ते मानून नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केले.

पक्क्या मडक्याचा नाद कानात मुरलेला होता, म्हणूनच काकांना कच्चे ओळखता आले. आज मेंदूच्या पेट स्कॅनमध्येही अशीच तुलना असते. एखादा भाग किती ग्लुकोज वापरतो, हे रोगाची झळ न लागलेल्या भागाशी ताडून ठरवतात. अल्झायमरमध्ये त्यासाठी बहुधा मेंदूच्या देठातील पॉन्स किंवा लहान मेंदू निवडतात. निवडलेला भागच आजारी असेल, तर बाकीचा बिघाड झाकला जातो आणि रुग्णाचे निदान चुकते.

गोरोबाकाका १३१७ मध्ये, चैत्र वद्य त्रयोदशीला, तेर येथेच समाधिस्थ झाल्याचे परंपरा सांगते.