ख्वाजा युसूफचं खरं नाव

हॉस्टेलवर कुणी गाव विचारलं की पहिली दोन वर्षं मी नांदेड सांगायचो. माझं गाव भोकर. पण भोकर म्हटलं की समोरचा हमखास म्हणणार, लोणचं माहितीये, गाव पण आहे का? त्यापेक्षा नांदेड सोपं. मित्रांनो, ही सवय माझी मोडली ती पाचशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका रशियन माणसामुळे. त्याची ही गोष्ट. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

त्याचं नाव अफनासी निकितिन. व्होल्गा नदीकाठच्या त्वेर शहरातला व्यापारी. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला हे आपण शाळेत घोकलंय. हा त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी एकटा आपल्या कोकणात उतरला होता, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल की एवढ्या लांब येणाऱ्याने केवढी तयारी केली असेल. तयारी केली होती, पण ती हिंदुस्थानसाठी नव्हतीच! त्याला जायचं होतं कॅस्पियन समुद्रापलीकडे शिरवानला. परवान्याची कागदपत्रं झाली, माल भरला. मॉस्कोच्या वकिलाबरोबर जायचं ठरलं होतं, तर तो आधीच पुढे निघून गेलेला. म्हणजे आपली एस.टी. चुकते तसंच. मग दोन आठवडे थांबून शिरवानच्या वकिलाची सोबत धरली. तो वकील राजासाठी नव्वद शिकारी ससाणे घेऊन परत चालला होता.

आस्त्राखानजवळ तातारांनी त्यांना गाठून लुटलं. निकितिनचा सगळा माल गेला, पुस्तकंही गेली. पुढे वादळात एक जहाज फुटलं. वाचलेल्यांनी शिरवानच्या राजाकडे घरी जाण्यापुरती मदत मागितली. तुम्ही खूप जण आहात म्हणून त्याने ती नाकारली. ज्यांचं मायदेशी देणं नव्हतं ते परतले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितिन कर्जवाल्यांपैकी. आपल्यापैकी किती जण एज्युकेशन लोनवर शिकतात ते मला माहीत आहे, म्हणून हा मुद्दा मुद्दाम सांगितला. रिकाम्या हाताने घरी जायची लाज सगळीकडे सारखीच.

बाकू, मग इराण, असं करत तो होर्मुझला पोचला. घोड्यांना हिंदुस्थानात फार किंमत येते हे तिथे कळल्यावर त्याने शंभर रूबलचा एक घोडा घेतला आणि त्याच्यासकट जहाजात बसला. मस्कत, दीव, खंबायत करत चौलला उतरला. त्याने पहिलं काय पाहिलं? लोकांच्या अंगावर फारसे कपडे नाहीत, डोकी उघडी, केसांची एक वेणी. तो लोकांकडे बघत होता आणि लोक त्याच्याकडे! गोरा माणूस बघायला त्याच्यामागे गर्दी चालायची.

चौलहून पाली, मग उमरी, मग जुन्नर. उमरी वाचून मी उडालोच, कारण आमच्या भोकरशेजारी उमरी आहे. पण त्याची उमरी चौलहून जुन्नरला जायच्या वाटेवर होती, तेव्हा ती आमची नव्हे.

जुन्नरला पावसाळा लागला. चिखल, रस्ते बंद. तिथला अधिकारी असदखान. हा मुसलमान नाही हे कळताच त्याने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडाही नाही आणि दंडही भर. मुदत चार दिवस. घोडा म्हणजे त्याचं सगळं भांडवल, आणि ओळखीचं कुणी नाही. शेवटी महंमद नावाच्या एका खुरासानी माणसाने मध्ये पडून त्याला सोडवलं आणि घोडाही परत मिळवून दिला. अडवणारा मुसलमान आणि वाचवणाराही मुसलमान, हे निकितिनने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे.

पुढे तो बहमनी राजधानी बिदरला आला. आमच्या देगलूरच्या पलीकडचं हे बिदर. सुलतान मोठ्या थाटात हत्ती घेऊन बाहेर पडायचा. कारभार महमूद गवानकडे. त्याने १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशाची इमारत अजून उभी आहे. गेल्या दिवाळीत मामांसोबत मी ती पाहिली. व्याख्यानाच्या जागा, ग्रंथालय, विद्यार्थ्यांच्या खोल्या. थोडक्यात, हॉस्टेलसकट कॉलेज. मामा इतिहासाचे शिक्षक. तिथल्या पायरीवर बसून त्यांनीच मला निकितिन सांगितला.

तोपर्यंत या प्रवासात तो ख्वाजा युसूफ खुरासानी या नावाने वावरत होता. बिदरमध्ये घोडा विकला, बऱ्याच हिंदूंशी ओळखी झाल्या, आणि त्याने त्यांना खरं सांगून टाकलं की मी ख्रिस्ती आहे, माझं नाव अफनासी. त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही. जेवण, व्यापार, पूजा, बायकामुलं, काहीच नाही. ते त्याला पर्वत या तीर्थाला, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते श्रीशैलला, शिवरात्रीच्या यात्रेला घेऊन गेले. काळ्या दगडाचा नंदी त्याने तिथे पाहिला. आपण खिचडी खातो, उजव्या हाताने जेवतो, वेगवेगळ्या पंथांचे लोक एकमेकांबरोबर जेवत नाहीत, हेही त्याने टिपलंय. शेवटची गोष्ट वाचून मला बरं वाटलं नाही.

व्यापारात त्याला फायदा झाला नाही. पुस्तकं लुटली गेल्यामुळे आपले सण कधी येतात तेही त्याला कळेना, नुसता अंदाजाने उपास धरायचा. अखेर दाभोळहून तो परत निघाला. घरी मात्र पोचला नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची वही १४७५ मध्ये मॉस्कोला पोचली. तीन समुद्रांपलीकडचा प्रवास म्हणून ती आज ओळखली जाते. १९५७ साली त्याच्यावर परदेसी हा हिंदी-रशियन सिनेमा निघाला. रेवदंड्याला त्याचं स्मारकही आहे.

मामांनी गोष्ट संपवली तेव्हा मी गप्प होतो. त्याला खरं नाव सांगण्यात धोका होता, जुन्नरला तो त्याने भोगलाही होता. मला कसला धोका होता? फार तर एक लोणच्याचा विनोद.

सुट्टीनंतर मी भोकर सांगायला लागलो. विनोद झालेच. मग आईने दिलेली लोणच्याची बरणी चार दिवसांत संपली, आणि आमच्या विंगमधले दोघं उन्हाळ्यात घरी येतो म्हणाले.

परवा फर्स्ट इयरच्या एका मुलाला गाव विचारलं. तो म्हणाला, लातूर. मी विचारलं, लातूरमध्ये नक्की कुठे? तो जरा थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि मग गावाचं नाव सांगितलं.