बाबासाहेबांचा मधुमेह

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्याकडून लोकसभेला उभे होते, ठाऊक आहे का? १९५४ ची गोष्ट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. भंडाऱ्याची पोटनिवडणूक, भर उन्हाळा आणि उमेदवार ६३ वर्षांचा, मधुमेही. बाबासाहेब हरले. त्यानंतर जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते, नजरही अधू झाली होती.

त्या पराभवावर भरपूर लिहिलं गेलंय. आजारावर मात्र आपण बोलत नाही, जणू मोठ्या माणसाचे पाय दुखतच नाहीत. त्यांचे दुखायचे. राज्यघटनेच्या मसुद्याच्या दिवसांत पायांच्या कळांनी झोप उडाली होती, इन्शुलिन सुरू होतं. उपचारांच्या निमित्तानंच मुंबईत डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ ला लग्न. त्याच माईसाहेब. औषधं, पथ्य, सगळं त्यांनी हाती घेतलं. घरातच डॉक्टर!

पण त्या काळी साधनं होती कुठे? बोट टोचून घरी शुगर बघायचं मशीन नव्हतं, एचबीएवनसी नव्हती. लघवी बेनेडिक्टच्या द्रावणात उकळायची आणि रंग बघायचा. निळा राहिला तर ठीक, हिरवा, पिवळा, विटकरी झाला की साखर. बीएस्सीवाल्यांनो, प्रॅक्टिकलला केलंय ना?

मधुमेह बारीक रक्तवाहिन्या खराब करतो, म्हणून पाय, डोळे आणि किडनी. पाय दुखतात, डोळ्यांना कमी दिसतं, निदान कळतं तरी. किडनी बराच काळ गप्पच असते. ना दुखणं, ना सूज, आणि लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन झिरपत राहतं. आता ते साध्या तपासणीत सापडतं. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं. वेळेत कळलं तर शुगर, बीपी आवरून आणि गोळ्यांनी पुढचं नुकसान बरंच लांबवता येतं.

तुमच्या आजीची फाईल काढा बरं. शुगरचे कागद ढीगभर असतील, अल्ब्युमिनचा एक तरी आहे? नसेल तर पुढच्या खेपेला केटीएसमध्ये किंवा जिथे नेता तिथे तुम्हीच विचारा. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर ती रोज घेते का, हेही सांगा, किडनीला त्या झेपत नाहीत. आणि भात? या धानाच्या जिल्ह्यात भात सोडा म्हटलं तर कोण ऐकणार! निदान वाटी मोजून वाढा. किडनी बिघडली की पथ्यही बदलतं, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा तब्येत पार ढासळलेली होती. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत, २६ अलीपूर रोडच्या घरी, ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेवर काम करत होते. सकाळी ते उठले नाहीत. वय होतं ६५.