वाट मोकळी करणारा वीर

जोयड्याहून अणशी घाट उतरून कारवारला येणाऱ्या माणसाला रस्ता बंद होणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात दरड कोसळली की औषध, टपाल, बाजार सारेच खोळंबते. म्हणूनच शत्रूने सुरुंग पेरून बंद केलेला रस्ता गोळ्यांच्या वर्षावात मोकळा करणाऱ्या मेजर रामा राघोबा राणे यांचे मोल आमच्या मुलखाला इतरांहून अधिक कळावे, ही अपेक्षा वावगी ठरू नये.

राणे घराणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. रामांचा जन्म २६ जून १९१८ चा, हावेरीचा. वडील पोलीस शिपाई. बदल्यांमुळे शिक्षण गावोगावी झाले. १९३० च्या कायदेभंगाचे वारे मुलाच्या अंगात शिरलेले पाहून वडिलांनी धास्तीने बिऱ्हाड चेंडियाला हलविले. याच मुलाने १० जुलै १९४० रोजी इंग्रजांच्या फौजेत, बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, नाव घातले याचे कोणाला नवल वाटेल. आम्हांस वाटत नाही. त्या काळी तुरुंगाची आणि पलटणीची वाट एकाच गावातून फुटत असे.

ब्रह्मदेशात अराकानच्या माघारीच्या वेळी बुथिडाँग येथील महत्त्वाची ठाणी उद्ध्वस्त करण्यासाठी त्यांची तुकडी मागे ठेवली होती. न्यायला येणारे जहाज आलेच नाही. जपानी गस्त चुकवीत, नदी ओलांडून ही मंडळी आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाली. राणे हवालदार झाले, आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट.

पुढची कसोटी काश्मीरची. ८ एप्रिल १९४८ रोजी डोग्रा पायदळाने बारवालीचा कडा घेतला. पण नौशेरा–राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि अडथळे यांची रांगच होती. रणगाडे त्यावाचून हलेनात. कामाला हात घालताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार, राण्यांसह पाच जखमी. तरीही संध्याकाळपर्यंत सुरुंग निघाले. पुढे चिंगसपर्यंत तीन दिवस हेच चालले: आडवे टाकलेले पाइन वृक्ष, उडविलेले पूल, मशीनगनचा मारा. रणगाड्याखाली सरपटत जाऊन दोरीच्या इशाऱ्याने चालकाशी संधान ठेवीत त्यांनी मार्ग काढला, असे सांगतात. अखेरच्या दिवशी त्यांनी सलग सतरा तास काम केले. १२ एप्रिलला राजौरी हाती आली. तेथे अडकलेल्या निर्वासितांच्या दृष्टीने एकेक दिवस जीवन-मरणाचा होता, हे विसरून या घाईचा अर्थ लागत नाही.

हल्ला चढविणाऱ्या पायदळाच्या नावाने पोवाडे होतात. त्याच्यापुढे हातात बंदूक न घेता, जमीन चाचपत जाणारा सॅपर मात्र आडच राहतो. राण्यांच्या बाबतीत तसे झाले नाही, हे सैन्याच्या न्यायबुद्धीस शोभणारे आहे. परमवीरचक्र त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. ते १९५० मध्ये स्थापन झाले आणि पूर्वलक्षी प्रभावाने त्यांना मिळाले.

मेजर म्हणून ते १९६८ मध्ये निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला तो २००६ साली, म्हणजे त्यानंतर बारा वर्षांनी.