दुष्काळातून मुक्तीकडे : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या वाचनात येते ते बहुधा दोन ओळींपुरते. संस्कृतच्या प्रकांड पंडिता, शारदा सदनाच्या संस्थापिका आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या. यातले शेवटचे वाक्य लिहिताना लेखकाची लेखणी हटकून अडखळते. कोणी ते घाईने उरकतो, कोणी त्याबद्दल हळहळतो, तर कोणी त्यातच त्यांच्या सगळ्या आयुष्याचे सार्थक पाहतो. पण ज्या बाईने अठरापुराणे कोळून प्यायली होती, तिला हे पाऊल उचलावेसे का वाटले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायचे तर वाँटेजच्या चर्चमध्ये जाऊन भागत नाही. त्याआधीच्या दुष्काळात जावे लागते.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विलक्षण गृहस्थ. पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात जाऊन पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. ते पाहून आपल्या पत्नीलाही शिकवायचे असे शास्त्रीबुवांनी मनाशी धरले. घरच्यांचा विरोध झाला, उडुपीला पंडितांपुढे जाब द्यावा लागला, पण ते डगमगले नाहीत. लक्ष्मीबाई शिकल्या आणि पहाटेच्या अंधारात मांडीवरच्या रमेला त्यांनी भागवताचे श्लोक पढवले. आधी पत्नी आणि मग तिच्याकरवी मुलगी, असा हा विद्येचा वारसा. त्या काळी असे घर महाराष्ट्रात शोधून तरी किती सापडले असते?

मात्र या सुधारक बापाची देवधर्मावरची निष्ठा पूर्णपणे जुन्या वळणाची होती. सारे कुटुंब तीर्थामागून तीर्थे करीत हिंडत होते. देवळात पुराण सांगावे, मिळेल त्यावर गुजराण करावी आणि उरेल ते दानधर्मात घालावे, असा क्रम होता. त्यातच मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पैसा संपला, दागिने गेले, भांडीही गेली. काबाडकष्ट करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज. मग दैवतांना साकडे घालण्यापलीकडे काय उरणार? व्रते झाली, जप झाले, प्रदक्षिणा झाल्या. अखेर अकरा दिवस या मंडळींनी रानात पाणी आणि झाडपाला यांवर काढले. वृद्ध, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी तीर्थात देह ठेवण्याचे ठरवले आणि एकेकाचा निरोप घेतला. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे आला. शास्त्र्याचा मुलगा असलो तरी मी मोलमजुरी करीन, पण हे करू नका, असे म्हणून त्याने बापाला थांबवले. वडील तिथून उठले खरे, पण लवकरच त्यांनी प्राण सोडला. हे १८७४ च्या सुमाराचे. त्यांच्यामागोमाग आई गेली आणि थोरली बहीणही गेली.

आईच्या अखेरच्या दिवसांतला एक प्रसंग रमाबाईंनी लिहून ठेवला आहे. तापाने आणि भुकेने आई खायला मागत होती. रमा शेजारच्या ब्राह्मणीच्या दारात जाऊन उभी राहिली. हजारो श्लोक म्हणणाऱ्या त्या तोंडातून भाकरीचा तुकडा मागण्याचे शब्द काही फुटेनात. त्या बाईनेच ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो घेऊन मुलगी घरी आली, पण आईच्या गळ्याखाली तो उतरला नाही. आई गेल्यावर तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी पडली, म्हणून तिने तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली.

यानंतर भाऊ-बहीण पायी हिंदुस्थानभर हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी पांघरायला काही नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून त्यांनी त्यांत अंग पुरून घेतले आणि थंडीच्या रात्री काढल्या. १८७८ साली ती दोघे कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आपण त्यांचे चरित्र वाचतो ते या ठिकाणी टाळ्या वाजवण्यासाठी. पण स्वतः रमाबाईंच्या दृष्टीने कलकत्ता हे विजयाचे नव्हे, तर श्रद्धा ढासळण्याचे ठिकाण होते. तिथे स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना असे दिसले की हे ग्रंथ एरवी कितीही एकमेकांशी भांडोत, स्त्री ही पापाची खाण आणि पतीवाचून तिला गती नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. ग्रंथांचा हा अर्थ सर्वांना मान्य होईल असे नाही. आपल्याच महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक कदाचित त्यावर वाद घालतील. पण भुकेने आई गमावलेल्या वीस वर्षांच्या मुलीने तो लावला होता, हे वाद घालताना विसरू नये.

१८८० मध्ये डाक्क्याला श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. सिल्चरला संसार थाटला, मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबू गेले. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत या बाईने आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा असे पाच मृत्यू पाहिले. सिल्चरच्या घरात त्यांना बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले होते. एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्या ते समजावून घेऊ लागल्या होत्या. नवऱ्याला ते रुचले नव्हते.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. नीळकंठशास्त्री गोऱ्हे या ख्रिस्ती झालेल्या पंडितांशी त्यांची चर्चा होत असे. १८८३ साली लहानग्या मनोरमेला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन त्या वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकी राहिली. आणि वाँटेजला त्यांच्यासोबत राहणाऱ्या आनंदीबाईंनी आत्महत्या केली. परक्या देशात आपल्यासोबत आलेली मैत्रीण अशी जावी! रमाबाईंच्या मनात त्या दिवसांत काय चालले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

वाँटेजच्या सिस्टरांनी रमाबाईंना लंडनजवळ फुलम येथील आपले काम पाहायला नेले. समाजाने पतित ठरवून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत होत्या. आजारी पडल्या तर त्यांची शुश्रूषा होत होती, आणि त्यांतल्या काही पुढे स्वतःच इतरांची सेवा करीत होत्या. रमाबाई चकित झाल्या. ज्यांच्याकडे वळूनही पाहू नये असे आपल्याकडे शिकवले जाई, त्यांच्यावर या बाया जीव का लावतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली.

ती कथा थोडक्यात अशी. दुपारच्या वेळी एक बाई विहिरीवर पाणी भरायला येते. ती यहुद्यांनी विटाळाची मानलेल्या जमातीतली. तिचे पाच नवरे झालेले आणि सध्या ज्याच्याजवळ राहते तो नवरा नव्हे. विहिरीपाशी थकून बसलेला येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिच्या हातचे पाणी! पाणवठ्यावरून काय काय घडते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. तो तिचे सारे गतायुष्य जाणतो, ते तिला सांगतोही, पण तिला झिडकारीत नाही. रमाबाईंनी पुढे लिहिले आहे की स्त्रीच्या पापाला क्षमा आहे आणि तिला स्वतःच्या बळावर देवाजवळ जाता येते, हे त्यांना त्या दिवशी प्रथम उमगले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

महाराष्ट्रात गहजब उडाला. पोटासाठी बाटली, फसवली गेली, असे बरेच काही बोलले गेले. जोतीराव फुल्यांसारखा एखादाच खुलेपणाने तिच्या बाजूने उभा राहिला. वास्तविक फसवले जाण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. त्रैक्याचे तत्त्व पटत नाही म्हणून तिथे त्या भांडतात. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत मान घालायला त्या तयार नाहीत. शाकाहारही त्या सोडीत नाहीत.

तरीही या धर्मांतराने त्यांना लगेच शांती मिळाली असे नाही, आणि त्यांच्या आयुष्यातली ही बाजू मला सर्वांत खरी वाटते. अमेरिकेत जाऊन त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर १८८७ साली इंग्रजी पुस्तक लिहिले, निधी जमवला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, बाई कृतार्थ झाली. आतून मात्र मन रितेच होते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. तोवर पापाची क्षमा हा त्यांच्या लेखी बुद्धीला पटलेला एक सिद्धान्त होता. चांगले वागून, कामे करून ती मिळवावी लागते अशी त्यांची समजूत होती, म्हणजे प्रदक्षिणांचा तो जुनाच हिशेब. आता तिची काही किंमत मोजावी लागत नाही, ती नुसती हात पसरून घ्यायची असते, हे त्यांनी मानले. शेजारणीच्या दारात ज्या मुलीला हात पसरणे जमले नव्हते, तिला हे किती अवघड गेले असेल!

१८९३ मध्ये सदनातल्या मुली प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ झाले. केसरीने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माबाबत ढवळाढवळ न करण्याचा शब्द दिलेला होता, त्यामुळे टीकाकारांचे सगळेच चुकले असे म्हणता येत नाही. पण रमाबाईंनी त्या मुलींवर सक्ती केल्याचेही दिसत नाही. त्यांनी आपल्या खोलीचे दार बंद केले नाही, इतकेच.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून येणाऱ्या बातम्या ऐकून रमाबाईंना स्वतःचे अकरा दिवस आठवले आणि त्या तडक तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली व विधवा त्यांनी सोडवून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडच्या अलीकडे केडगावला घेतलेल्या माळरानावर या मुलींना ठेवले. विहिरी खणल्या, छपरे उभारली. तेच मुक्ती सदन. गुजरातच्या १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, दूधदुभते, छापखाना अशी सारी कामे स्त्रियाच करीत. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. आणि फुलमला पाहिले होते तसे एक घरही त्यांनी बांधले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी. त्याचे नाव ठेवले कृपा सदन.

उत्तरायुष्यात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अर्धवट शिकलेल्या खेडवळ बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल आणण्याचे काम त्यांनी एकहाती घेतले. आयुष्यभर पोसलेले संस्कृत त्यांनी त्यासाठी जाणूनबुजून बाजूला ठेवले. एवढ्या व्युत्पन्न पंडितेने हे करावे, याचे मोल भाषेच्या विद्यार्थ्याने तरी ओळखावे. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. संस्थेचा भार आता जिच्यावर सोपवायचा, ती चाळीस वर्षांची एकुलती एक मुलगी. आईने मुद्रिते तपासणे थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाईंचे निधन झाले. ते मराठी बायबल १९२४ साली बाहेर पडले. त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यातल्या बायांनी जुळवले होते.