हेन्री आर्मस्ट्राँग : विद्यार्थ्यांच्या हाती तराजू देणारे शिक्षक

अध्यापक महाविद्यालयात शिकलेल्या प्रत्येकाला ‘स्वयंशोधन पद्धती’ ठाऊक असते. परीक्षेसाठी आम्ही तिचे गुणदोष पाठ केले. पाठांतराला आव्हान देणाऱ्या तिच्या प्रवर्तकाचे जीवन मात्र फारसे अभ्यासले नाही.

हेन्री एडवर्ड आर्मस्ट्राँग यांचा जन्म 6 मे 1848 रोजी लंडनजवळील ल्युइशॅम येथे झाला. 1865 मध्ये ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत दाखल झाले. तेथे एडवर्ड फ्रँकलंड यांच्या हाताखाली पिण्याच्या पाण्यातील सेंद्रिय अशुद्धी मोजण्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. पुढे जर्मनीतील लाइपझिग येथे कोल्बे यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. 1876 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. नॅफ्थॅलीनच्या संयुगांवरील त्यांचे संशोधन मान्यता पावले.

एवढ्या मोठ्या संशोधकाने शाळकरी मुलांकडे लक्ष वळवले. 1884 साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनातील शिक्षण परिषदेत त्यांनी विज्ञानाच्या शालेय अध्यापनावर निबंध वाचला. उत्तर आधी सांगून नंतर प्रयोगाने त्याची खातरजमा करून घेणे त्यांना अमान्य होते. विद्यार्थ्यापुढे प्रश्न ठेवावा, प्रयोग त्याने स्वतः योजावा, वजन करावे, नोंद लिहावी आणि निष्कर्षही त्यानेच काढावा, असा त्यांचा आग्रह होता.

त्यासाठी त्यांनी साधेच पदार्थ निवडले. लोखंड गंजल्यावर त्याचे वजन वाढते. ही भर कोठून आली? कोंडलेल्या हवेत लोखंड गंजू दिले की हवेचा सुमारे पाचवा भाग नाहीसा होतो, हे विद्यार्थी स्वतः पाहतो. शुद्ध चुनखडी तीव्र आचेवर भाजली, तर 100 ग्रॅममागे 44 ग्रॅम घट येते. तीच चुनखडी आम्लात विरघळवली, तर निसटणाऱ्या वायूचे वजनही तेवढेच भरते. हे दोन आकडे जुळले की कार्बन डायऑक्साइड हे नाव सांगण्यापूर्वीच तो वायू विद्यार्थ्याच्या ओळखीचा झालेला असतो.

गरीब मुलांसाठी 1552 मध्ये स्थापन झालेली क्राइस्ट्स हॉस्पिटल ही निवासी शाळा 1902 मध्ये हॉर्शम येथे हलली, तेव्हा तेथील प्रयोगशाळा त्यांच्याच विचारांनुसार उभारल्या गेल्या.

या पद्धतीवर आक्षेपही आले. ती संथ आहे, तिच्यामुळे अभ्यासक्रम मागे पडतो आणि तिला कसलेला शिक्षक लागतो, हे आक्षेप आजही खरे आहेत. स्वतः आर्मस्ट्राँग आयनांचा सिद्धांत अखेरपर्यंत नाकारत राहिले. तरीही त्यांच्या पद्धतीचा धडा असा की, निर्णय प्रयोगाने द्यावा. गुरूच्या अधिकाराने नव्हे. 13 जुलै 1937 रोजी त्यांचे निधन झाले.

आज अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांत अनुमापनाची वाचने शेजाऱ्याच्या वहीतून उतरवली जातात, कारण अपेक्षित उत्तर आधीच माहीत असते. पालकहो, माजी विद्यार्थी मित्रहो, ज्यांच्या पूर्वजांना प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता, त्या आमच्या मुलांना उसने उत्तर परवडणारे नाही. वर्षातून निदान दोन प्रयोग तरी उत्तर न सांगता त्यांच्या हाती सोपवावेत. चुकलेले वाचन खोडू नये. ते का चुकले, हाच पुढचा प्रयोग ठरावा.